जुळे सोलापुरातलं बोअरचं पाणी आणि एच-टू-ओचं कोडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात नवं घर बांधलं. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून बोअर मारला. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. पण अंगाला साबण लावला की फेस येत नाही, तूरडाळ दोन शिट्ट्या जास्त घेते, नळाच्या तोंडावर पांढरा थर बसतो आणि गिझरची कॉइल वर्षभरात गेली. कुणीतरी येऊन पाण्यात मीटर बुडवला, ७८० हा आकडा दाखवला आणि ‘आरओ घ्याच’ म्हणून सांगून गेला. शाळेत तर शिकलो की पाणी म्हणजे एच-टू-ओ. रंग नाही, वास नाही, चव नाही. मग नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं का वागतं, आणि नक्की घ्यायचं काय?

माझी तीसेक वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवणाऱ्या कारखान्यांमध्ये गेली. नावाला कामाची जागा डाईंग, पण रंगापेक्षा पाणीच जास्त बघितलं. रंगाची शेड म्हणजे छटा बिघडली की मालक रंगाऱ्याकडे बघतो, रंगारी रंगाच्या डब्याकडे बघतो, आणि निम्म्या वेळा दोष पाण्यात निघतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

शाळेतलं वाक्य खरं आहे. फक्त ते ज्या पाण्याबद्दल आहे, ते तुम्ही-आम्ही कधी प्यायलेलोच नाही. तसं पाणी बॅटरीत घालायला बाटलीत मिळतं. विहीर, नळ, नदी, बोअर, टँकर यांतून जे येतं ते पाणी अधिक वाटेत त्यानं जे-जे उचललं ते. आणि पाण्याइतकं उचलणारं दुसरं काही सहजासहजी सापडत नाही.

याचं कारण त्याच्या रेणूच्या आकारात आहे. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन. पण तिघं एका रेषेत नाहीत. दोन हातांमध्ये १०४.५ अंशांचा कोन आहे, म्हणजे रेणू वाकडा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. रेणू सरळ असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना खाऊन टाकती, कार्बन डायऑक्साइडमध्ये तसंच होतं. पाणी वाकडं आहे म्हणून दुतोंडी आहे. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला चिकटू बघतो. ही पकड घट्ट नसते; गड्ड्याच्या यात्रेत गर्दीतून चालताना पोरं एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरतात, तसं हे सतत चाललेलं असतं. पण एकूण गर्दी मात्र बांधलेली राहते. ही पकड किती मोठी, हे बघायचं असेल तर गटारीत कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड घ्या. त्याचा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळून वायू होतो. त्यापेक्षा हलकं पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहतं, ते या हात धरण्यामुळे.

आता असं दुतोंडी पाणी मिठाच्या खड्याला भेटलं की काय होतं? मिठात सोडियम धन आणि क्लोराइड ऋण, दोघं एकमेकांना घट्ट धरून. पाण्यात त्यांची आपसातली ओढ सुमारे ऐंशीव्या हिश्श्यावर येते, कारण पाण्याचे रेणू दोघांनाही घेराव घालतात. खडा विरघळला असं आपण म्हणतो ते हेच. रंगाचंही तसंच. सुताला लावायचे रिॲक्टिव्ह रंग पाण्यात विरघळतात, कारण त्यांच्या रेणूवर ऋणभाराचे तुकडे मुद्दाम जोडलेले असतात. ज्या गुणामुळे पाणी चादरीपर्यंत रंग नेतं, त्याच गुणामुळे ते तुमच्या गिझरपर्यंत दगड नेतं.

दगड हा शब्द मी शब्दशः वापरतोय. सोलापूरच्या खाली काळा पाषाण आहे, दख्खनचा बेसॉल्ट. त्यातल्या एका खनिजात कॅल्शियम, दुसऱ्यात मॅग्नेशियम. वरच्या काळ्या मातीत जागोजागी चुनखडीचे पांढरे खडे. शेत नांगरताना ते वर येतात, तुमच्या पायाच्या खोदाईतही निघाले असतील. पावसाचं पाणी मातीतून उतरताना मुळं आणि जिवाणू सोडतात तो कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं आणि किंचित आंबट होतं. सोड्याच्या बाटलीतल्या पाण्याचा अगदी फिका भाऊ म्हणा. साध्या पाण्यात चुनखडी जवळजवळ विरघळत नाही, पण या आंबट पाण्यात तिचं बायकार्बोनेट होतं आणि ते आरामात विरघळतं. तीनशे-चारशे फुटांवर भेगांमध्ये पाणी वर्षानुवर्षं बसून असतं, त्यामुळे त्याला दगड खायला भरपूर सवड मिळते. नळाचं, म्हणजे उजनी धरणाचं पाणी भीमेतून वाहत आलेलं, मोकळ्या तलावात साठलेलं. दगडाशी त्याची गाठ कमी वेळ पडते. म्हणून ते साधारणपणे बोअरपेक्षा हलकं असतं.

हलकं आणि जड हे आपले घरगुती शब्द. पुस्तकात ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ लिहितात, म्हणजे फेस येणारं आणि न येणारं. ‘जड पाणी’ म्हटलं की पुस्तकवाले घाबरतात, कारण त्यांचं जड पाणी निराळं. त्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा वजनदार भाऊ ड्युटेरियम असतो, ते नेहमीच्या पाण्यापेक्षा दहा-अकरा टक्के जड भरतं, चार अंशांच्या जरा अलीकडेच गोठतं आणि अणुभट्टीत वापरतात. रायगड जिल्ह्यात थळला ते बनवायचा कारखाना आहे. तुमच्या बोअरमध्ये ते निघालेलं नाही, काळजी नसावी. खाली मी ‘जड’ हा शब्द आपल्या अर्थानं वापरतो: कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी.

गिझरचं कोडं आता सोपं आहे. जमिनीखाली कार्बन डायऑक्साइडनं दगड विरघळवला. गिझरमध्ये पाणी तापलं की तोच वायू निघून जातो, बायकार्बोनेटचं परत कार्बोनेट होतं आणि दगड पुन्हा दगड होतो. वर आणखी एक उलटा स्वभाव: साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, कॅल्शियम कार्बोनेट मात्र कमी. त्यामुळे जिथं सगळ्यात जास्त तापतं तिथंच, म्हणजे कॉइलवरच, थर बसतो. थर उष्णता अडवतो, पाणी तापायला वेळ लागतो, कॉइल आतून जास्त तापते आणि जळते. कॉइल काढून खरवडून बघा, तो पांढरट थर हा तुमच्या अंगणाखालचाच दगड आहे. साधा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवा. ७५ वर ठेवून नंतर बादलीत गार पाणी मिसळणारे लोक दगडाचा कारखाना चालवतात.

थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. कोमट पाण्यात विरघळवून त्यात कॉइल तासभर बुडवून ठेवा, बुडबुडे येतील, तो तोच कार्बन डायऑक्साइड. बाथरूम धुवायचं ॲसिड कॉइलला लावू नका, धातू खातं. आणि ते ॲसिड ब्लीचिंग पावडरबरोबर तर कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. कारखान्यात मी एकदा त्याचा एक झोत घेतलाय, दोन दिवस छाती धरली होती.

जडपणाचे दोन प्रकार इथेच लक्षात घ्या. उकळल्यावर जातो तो तात्पुरता, बायकार्बोनेटमुळे आलेला. सल्फेट आणि क्लोराइडबरोबर आलेला उकळून जात नाही, तो कायमचा. लंडनला पुरवलं जाणारं पाणी हलकं करायला टॉमस क्लार्क नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८४१ मध्ये चुन्याची निवळी घालायची पद्धत काढली. चुन्यानं आलेला दोष चुन्यानंच काढायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण चुना तो कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतो आणि विरघळलेलं कार्बोनेट खाली बसतं. मोठ्या प्रकल्पांत ही पद्धत आजही आहे. घरी मात्र करू नका, माप चुकलं की पाणी आणखी जड होतं. तुरटीबद्दलही विचारलंय. तुरटी गढूळपणा खाली बसवते, कारण काळ्या मातीचे बारीक कण ऋणभारित असतात आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम त्यांना एकत्र आणतं. जडपणाला ती हातही लावत नाही. तुमचं पाणी आधीच स्वच्छ दिसतंय, तुरटी वाया जाईल.

साबणाचं गणित: साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचा सोडियमबरोबरचा क्षार. कॅल्शियम भेटला की तो सोडियमला हाकलून स्वतः बसतो आणि जे तयार होतं ते विरघळत नाही. बादलीच्या कडेला राखाडी, चिकट रेघ उमटते ती हीच. आधी सगळा कॅल्शियम साबण खातो, उरलेला फेस करतो. धुण्याच्या पावडरीवर हा परिणाम कमी, कारण ती साबण नसून डिटर्जंट असते. डाळीचंही याच घराण्यातलं दुखणं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं जोडलेल्या असतात. कॅल्शियम मिळाला की ते पेक्टिन घट्ट होतं आणि दाणा फुटत नाही. आपल्या आया चिमूटभर खायचा सोडा टाकायच्या ते बरोबर होतं, सोड्यानं पेक्टिन सुटतं. त्यापेक्षा डाळ भिजवायला आणि शिजवायला उजनीचं पाणी बाजूला ठेवा. जाता-जाता, सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी १०० ला नव्हे, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत जातं, तेव्हा हा दीड अंश हिशेबात धरू नका. डाळीचा गुन्हेगार कॅल्शियमच.

आता जे मी स्वतः भोगलं ते सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या कारखान्यात चादरीच्या सुताचा मरून लॉट रंगवायला टाकला. कारखाना कुठला ते राहू द्या, चूक माझीच होती. रंग, मीठ, सोडा, वेळ, सगळं रोजचं. सूत बाहेर आलं तर रंग मेलेला, वर पांढुरकी झाक, हाताला खरखरीत. रंगारी म्हणाला रंग जुना. नवा डबा फोडला, दुसरा लॉट घातला, तोही तसाच. मग मी ओल्या लडीवर ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले. थेंब पडले तिथं झाक गेली आणि खालून खरा मरून वर आला. सुतावर खडू बसला होता. रंग पक्का करायला आम्ही जो सोडा टाकतो ते सोडियम कार्बोनेट. पाण्यात कॅल्शियम असला की त्याचा खडू होऊन सुतावरच चिकटतो.

पण पाणी तर सॉफ्टनरमधून, म्हणजे पाणी हलकं करणाऱ्या टाकीतून येत होतं. प्रयोगशाळेत गेलो. प्रयोगशाळा म्हणजे बॉयलर हाऊसच्या मागची एक खोली, त्यात एक ओटा. जडपणा मोजायला फ्लास्कमध्ये सॉफ्टनरच्या आधीचं पन्नास मिली कच्चं पाणी घेतलं. त्यात अमोनियाचं बफर, नाकात झिणझिण्या आणणारं. मग इरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलून दाखवणाऱ्या पुडीची चिमूट. पाणी कोकमच्या सरबतासारखं लालसर झालं. वर ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून, ईडीटीए नावाचं रसायन थेंब-थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. ईडीटीए कॅल्शियमला आणि मॅग्नेशियमला खेकड्यासारखं सहा ठिकाणी धरून मिठीत घेतं. नेहमी कच्च्या पाण्याला नऊ-दहा मिलीला रंग जांभळट होऊन एका थेंबात आकाशी निळा व्हायचा. त्या दिवशी पंधरा गेले, वीस गेले, पाणी लालच. ३१.५ ला निळं झालं. या मापात मिलीला वीसनं गुणायचं, म्हणजे ६३० मिलिग्रॅम प्रति लिटर. टँकरवाल्यानं विहीर बदलली होती आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

सॉफ्टनरची टाकी म्हणजे रेझिनचे मोहरीएवढे दाणे. त्यांच्यावर सोडियम चिकटलेला असतो; पाणी वरून गेलं की दाणे कॅल्शियम घेतात आणि सोडियम सोडतात. दाणे भरले की मिठाचं पाणी मारून ते पुन्हा रिकामे करायचे. आमचा ऑपरेटर रोजच्या घड्याळाप्रमाणे पाळीला एकदा मीठ मारत होता. पाणी तिप्पट जड झालं म्हणजे दाणे तिपटीनं लवकर भरले, आणि उरलेल्या पाळीत जड पाणी सरळ आरपार गेलं. घड्याळ बघून मीठ मारायची ही सवय मीच लावली होती, बाहेर येणारं पाणी तपासून नव्हे. त्यातला एक लॉट ॲसिटिकनं धुऊन वाचला, दुसरा काळ्यात घातला. डाईंगमध्ये बिघडलेल्या प्रत्येक रंगाचा शेवट काळा. नंतर कळलं की आम्ही रंगात टाकत होतो ते खडे मीठसुद्धा मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणजे हलक्या केलेल्या पाण्यात आम्हीच जडपणा कालवत होतो. तेव्हापासून मीठही तपासूनच.

या दाण्यांची एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. रेझिन यायच्या आधी हे काम झिओलाइट नावाची खनिजं करायची, आणि आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक भरपूर सापडतात. म्हणजे पाणी जड करणारा आणि हलकं करणारा, दोघं एकाच कातळात राहतात. झिओलाइट म्हणजे ‘उकळणारा दगड’. स्वीडनच्या क्रोनश्टेटनं १७५६ मध्ये तो तापवला, आतलं पाणी फसफसत निघालं आणि त्यानं हे नाव दिलं.

तुमच्या टीडीएस मीटरकडे येतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. तो मीटर पाण्यात काय विरघळलंय ते मोजत नाही, पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि अंदाजानं एका आकड्याला गुणून दाखवतो. शुद्ध पाणी विजेला जवळजवळ अडवतं, क्षार असले की वाट मिळते. त्यामुळे ७८० म्हणजे काहीतरी विरघळलंय, एवढंच. कॅल्शियम आहे की साधं मीठ आहे, हे मीटरला माहीत नाही. सॉफ्टनर लावल्यावर तुमचा साबण फेसाळेल, गिझर वाचेल, आणि मीटर तरी ७८०च्या आसपासच दाखवेल. कारण कॅल्शियम गेला तरी त्याच्या जागी सोडियम येतो, विजेला वाट जवळजवळ तेवढीच राहते. मग लोक म्हणतात सॉफ्टनर बिघडला. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू हे तर मीटरच्या गावीही नसतं. भारतीय मानक १०५०० मध्ये टीडीएसला ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत मुभा. एकूण जडपणाला तेच २०० आणि ६००. म्हणजे ७८० हे विष नव्हे. चव लागेल, मचूळ वाटेल, चहावर तवंग येईल.

हा आकडा मला उपयोगी पडतो तो कूलर आणि माठासाठी. पाण्याचा एक मोठा गुण सोलापूरकर रोज वापरतात आणि त्याचं नाव घेत नाहीत. ते हात धरलेले रेणू सोडवून वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. तीस अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, तर तेवढंच पाणी एका अंशानं तापवायला फक्त एक. आता दहा लिटरचा माठ घ्या. त्याच्या अंगातून पाझरून शंभर मिली पाणी उडालं, म्हणजे शंभरातला एक भाग, तर उरलेलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार होतं. मे महिन्यात दुपारी ४२ अंश आणि हवेत ओलावा वीस टक्के असला तर माठ सिद्धांतानं २४ अंशांपर्यंत उतरू शकतो. तोच माठ मुंबईत ३४ अंशांत ठेवा, तिथल्या दमट हवेत २८ च्या खाली जायची मारामार. सोलापूरचा उन्हाळा रखरखीत आहे म्हणूनच इथं माठ आणि गवताच्या जाळीचा कूलर चालतो.

आता जड पाण्याचा माठ. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. मार्चमध्ये आणलेल्या माठाच्या पोटावर मे महिन्यात पांढरी भुकटी दिसते, बोट फिरवलं तर खारट लागते. तेच क्षार माठाच्या छिद्रांतही बसतात आणि पाझर थांबतो. म्हणून जुना माठ गार करत नाही. मातीचा गुण जात नाही, छिद्रं बुजतात. रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवून काथ्यानं घासा, साबण नको, छिद्रांत अडकून चव बिघडवतो. आणि कूलर: दिवसाला ४० लिटर उडत असेल तर तुमच्या बोअरच्या पाण्यातले जवळजवळ ३१ ग्रॅम क्षार रोज कूलरमध्ये राहतात. दोन महिन्यांत पावणेदोन किलोच्या वर. जाळी दगडासारखी होते ती यामुळे. दर चौथ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करून भरा. नुसतं वरून पाणी घालत राहिलात तर आतलं पाणी दिवसेंदिवस घट्ट होत जातं. बॉयलरमध्ये आम्ही हेच करतो, त्याला ब्लोडाउन म्हणतात.

टॉवेलबद्दल तुमच्या घरच्यांनी विचारलंय, ते सोलापुरात विचारायलाच हवं. नवा टॉवेल पाणी टिपत नाही आणि जुना पापडासारखा कडक होतो. पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू आत ओढलेले असतात, म्हणून थेंब गोल राहतो. कोऱ्या सुतावर मेण असतं. त्याची लडी पाण्यात टाकली तर तरंगते. भट्टीत सोड्यात उकळून मेण काढल्यावर तीच लडी बुडते. आमची परीक्षा सोपी: लडीवर एक थेंब सोडायचा आणि तो मुरेपर्यंत सेकंद मोजायचे. तीनच्या आत मुरला तर पास. नव्या टॉवेलवर मऊपणासाठी मारलेला थर असतो, तो थेंबाला आत जाऊ देत नाही. दोन-तीन धुण्यांत जातो. कडकपणा मात्र तुमच्या बोअरचा. शेवटच्या खळबळीला नळाचं पाणी घ्या, किंवा त्या बादलीत चमचाभर पांढरा व्हिनेगर.

पाणी चार अंशांना सगळ्यात घट्ट आणि बर्फ पाण्यावर तरंगतो, वगैरे गुण मोठे खरे. पण सिद्धेश्वर तलाव काही गोठत नाही, तेव्हा ते सोडून देतो. फ्रीजरमध्ये बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ नऊ टक्के जागा जास्त घेतो, इतकंच.

आता घ्यायचं काय. सगळ्या घराला आरओ हा वेडेपणा आहे. जेवढं पाणी मिळतं, त्याच्या बरोबरीनं किंवा दुपटी-तिपटीनं फेकावं लागतं, आणि सोलापुरात पाणी फेकायचं म्हणजे हात थरथरतो. पिण्याला उजनीचं पाणी साठवा, उकळा किंवा साधा फिल्टर लावा. बोअरचंच प्यायची वेळ असेल तर स्वयंपाकघरापुरता लहान आरओ, तोही तपासणीत कारण निघालं तर. गिझर आणि वॉशिंग मशीनच्या पाइपावर छोटा सॉफ्टनर बसवा. संडास, अंगण, गाडी यांना कच्चं बोअर. सॉफ्टनरचं पाणी पिण्यात नको, घरात कुणाला रक्तदाब असेल तर मुळीच नको. आणि त्याचं मीठ मारलेलं सांडपाणी तुळशीला किंवा बागेला घालू नका. काळ्या मातीत सोडियम गेला की ती चोपण होते, ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की वीट. पाइपावर बांधायचं चुंबकही कुणीतरी तुम्हाला विकायला येईल. आम्ही कारखान्यात बांधून बघितलं होतं; ब्युरेटमधला आकडा एका थेंबानंही हलला नाही.

एक पर्याय लोक विसरतात. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस पडला तरी ५० हजार लिटर पाणी होतं, आणि ते आकाशातून जवळजवळ शून्य जडपणाचं येतं. पहिल्या एक-दोन पावसांत गच्ची धुऊन जाऊ द्या, मग गाळून टाकीत घ्या. बाकीचं बोअरच्या शेजारी जिरवा.

पण हे सगळं विकत घ्यायच्या आधी पाणी तपासून घ्या. पंप दहा मिनिटं चालू ठेवून मगच नमुना घ्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरून बूच लावा, त्याच दिवशी द्या. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक मिळते, घरची चालत नाही. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये तपासा, बोअरचे आकडे दोन्ही वेळा सारखे येत नाहीत. फ्लोराइड आणि नायट्रेट जरूर लिहून द्या. शेजाऱ्यांचा शोषखड्डा जवळ असेल तर नायट्रेट आधी. अहवाल हातात आला की टीडीएसची ओळ सोडा आणि दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा: एकूण जडपणा आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप. अल्कलिनिटी जडपणाइतकी किंवा जास्त असेल तर तुमचा सगळा जडपणा तात्पुरता आहे, गिझरमध्ये दगड बसेल पण उकळलेलं पाणी निवळून घेतलंत तर डाळ शिजेल. कमी असेल तर जेवढा फरक, तेवढा कायमचा. तो उकळून जाणार नाही, आणि मग सॉफ्टनरवाल्याला बोलवा. आला की त्याला रेझिन किती लिटर आणि किती पाण्यानंतर मीठ मारायचं, एवढं दोनच विचारा. उत्तर देताना त्यानं आधी तुमच्या जडपणाचा आकडा विचारला, तर त्याला काम येतं.